कॉकाटीलच्या (छोट्या पाळीव पोपटाच्या) ऑपरेशनला पैसे कमी पडतायत? आधी एवढं कर
भावा, घाबरू नको, पण उद्यावर पण ढकलू नको, अंडं अडकलेली कॉकाटील एका दिवसात हातची जाऊ शकते. आधी तिला बॉक्समध्ये उबदार ठेव, आणि पोट दाबून अंडं काढायला अजिबात जाऊ नको, आत फुटलं की अवघड होतंय. डॉक्टरांना पैशाचं स्पष्ट सांग, लाजायचं काय त्यात? विचार की आज कॅल्शियम-सलाईनवर भागतंय का, ऑपरेशन लागलंच तर खर्च किती, हप्त्यानं चालेल का. बऱ्याचदा ऑपरेशनशिवाय सुटतं. सातारा जिल्ह्यातल्या शिरवळचं व्हेटर्नरी कॉलेज पुणे-सातारा हायवेवरच आहे, पण निघायच्या आधी फोन करून विचार, पक्षी बघतात का. आणि व्याजानं पैसे काढू नको रे, मित्रांकडं मागायचे तर दवाखान्याचं एस्टिमेट दाखव, नुसत्या फोटोवर कोण देत नाही.