आई-बाबा मेलबर्नला येताहेत, गाडी नाही. पफिंग बिली या जुन्या वाफेच्या रेल्वेची सहल एका दिवसात होईल का, आणि कुठपर्यंतचं तिकीट काढावं?

हो, आरामात होते. बेलग्रेव्ह ते लेकसाइड असं जाऊन-येऊन तिकीट काढा. मी मेलबर्नलाच राहतो आणि घरी आलेल्या वडीलधाऱ्यांना हीच सहल घडवतो. फ्लिंडर्स स्ट्रीटहून बेलग्रेव्हची लोकल थेट शेवटच्या स्टेशनापर्यंत नेते, तासाभराहून थोडा जास्त वेळ लागतो. तिथून पफिंग बिलीचं स्टेशन पायी काही मिनिटांवर. तिकीट मात्र वेगळं, आणि आधीच ऑनलाइन काढून ठेवा, विशेषतः सुट्ट्यांत. बेलग्रेव्हपासून पार जेमब्रूकपर्यंत 24 किलोमीटरचा सगळा मार्ग आहे, पण ज्येष्ठांना एवढं बसणं जड जातं. खरी मजा सुरुवातीलाच आहे: बेलग्रेव्ह सुटलं की लगेच मॉनबल्क ओढ्यावरचा वळणदार लाकडी पूल येतो. त्या वळणावर उघड्या डब्यातून पुढचं वाफेचं इंजिन दिसतं आणि दोन्ही बाजूंना उंचच उंच निलगिरी, खाली माणसापेक्षा उंच नेचे. 1900 साली सुरू झालेली ही अरुंद रुळांची गाडी 1953 च्या दरडीनंतर बंद पडली होती. स्वयंसेवकांनी ती पुन्हा उभी केली, आजही तेच राबतात. फार मोलाचं काम आहे हे. लेकसाइडला तळ्याकाठी हिरवळ आहे. दशम्या-चटणी बरोबर घ्या.

एकच गोष्ट: कडक उन्हाळ्यात वणव्याच्या धोक्यामुळे ‘टोटल फायर बॅन’ (उघड्यावर आग पेटवायला पूर्ण बंदी) लागला, तर वाफेऐवजी डिझेल इंजिन लावतात. वाफेचंच इंजिन पाहायचं असेल तर डिसेंबर ते फेब्रुवारी हा इथला उन्हाळा टाळा.