आयटीपीत स्टिरॉइडनंतर कोणतं औषध?

आयटीपी म्हणजे शरीराच्याच अँटिबॉडी प्लेटलेट, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या पेशी, नष्ट करतात तो आजार. तुम्ही विचारलंत की तुमच्या बहिणीच्या प्लेटलेट १४ हजार, प्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड कमी केलं की पुन्हा घसरतात, आणि डॉक्टरांनी तीन नावं सांगितलीत: एल्ट्रोम्बोपॅग, रोमिप्लोस्टिम, रिटुक्सिमॅब; यातलं कोणतं घ्यावं? मी डॉक्टर नाही, परळच्या ओपीडीत सहा वर्षं नंबर लावणारी आयटीपीची पेशंट आहे.

मी एल्ट्रोम्बोपॅग घेतलं. रोज एक गोळी, ५० मिलिग्रॅम. वाटते सोपी, पण पोटात कॅल्शियम असलं की गोळी त्यालाच चिकटते आणि रक्तात पोचतच नाही. म्हणून गोळीआधी चार तास आणि नंतर दोन तास दूध-दही बंद. मला कुणी नीट समजावलं नव्हतं. पहाटेची लोकल गाठायची म्हणून गोळी आणि वर आईच्या हातचा आल्याचा दुधाळ चहा. तीन आठवडे प्लेटलेट हलल्याच नाहीत. डोस वाढवायचं ठरत होतं, तेवढ्यात सिस्टरनं विचारलं, "अगं, चहा कधी घेतेस?" मग पाचला गोळी, चहा थेट ऑफिसात. दोन आठवड्यांत ६८ हजार! नाचणीची भाकरीही त्याच यादीत बसते, हे मात्र मलाच फार उशिरा कळलं. यात लिव्हरच्या तपासण्या चुकवायच्या नाहीत, आणि गोळी मनानं बंद करायची नाही. प्लेटलेट झपकन खाली येतात.

रोमिप्लोस्टिमला खाण्याचं बंधन नाही, पण आठवड्याला एकदा कातडीखाली इंजेक्शन आणि सुरुवातीला दर आठवड्याला सीबीसी, म्हणजे रक्तपेशी मोजायची तपासणी. तुम्ही बदलापूरहून येणार असाल तर विचार करा.

रिटुक्सिमॅब वेगळ्याच जातीचं. पहिली दोन्ही प्लेटलेट बनवायला लावतात. हे अँटिबॉडी बनवणाऱ्या बी पेशींवर जातं. सहसा आठवड्याला एक असे चार सलाइन, मग वाट पाहायची. लागू पडलं तर रोजच्या औषधातून सुटका, पण बऱ्याच जणांचा आजार काही वर्षांत परततो. आधी हिपॅटायटिस बीची तपासणी हवीच. बहिणीला लवकर मूल हवं असेल तर आत्ताच सांगा, कारण रिटुक्सिमॅबनंतर वर्षभर थांबायला सांगतात.

पपईच्या पानांचा रस शेजारपाजारचे सुचवतीलच. पावसाळ्यात मुंबईत प्लेटलेट म्हटलं की डेंग्यूच. हसून सोडा. अंगदुखीला ब्रूफेन मात्र देऊ नका, आणि डोकं असह्य दुखलं तर ओपीडीची वाट न पाहता सरळ कॅज्युअल्टी गाठा.