फर खरी की नकली, आणि घरातल्या वाघाच्या कातड्याचं काय?

प्रश्न : सीताबर्डीतून मुलीसाठी जॅकेट घेतलं. टोपीच्या काठाला मऊ केसाळ पट्टी आहे. जॅकेट स्वस्त होतं, म्हणजे फर नकलीच ना? (एक वाचक, धरमपेठ)

उत्तर : ताई, किमतीवरून काहीच ठरत नाही. सशाची किंवा रॅकून डॉगची पट्टी स्वस्त मालालाही लावलेली असते. रॅकून डॉग हा कुत्र्याच्या कुळातला, पिंजऱ्यात वाढवला जाणारा प्राणी. रंगही फसवतो, खरी फर गुलाबी, निळी, हवी तशी रंगवता येते. लेबलावरचं ‘पॉलिएस्टर’ कित्येकदा फक्त कापडापुरतं असतं.

खरी ओळख केसांच्या मुळाशी पटते. उजेडात केस दोन्ही अंगठ्यांनी फाकवा. खाली विणीच्या किंवा जाळीच्या कापडातून ओळीने निघालेले केस दिसले तर फर नकली. कातडं दिसलं आणि त्यातूनच केस उगवलेले असले तर खरी. नीट दिसत नसेल तर पट्टीच्या आतली शिवण दोन-तीन सेंटीमीटर उसवून मागची बाजू बघा. टाचणीही टोचून पाहतात. कापडात ती सहज जाते, कातड्यात अडते. पण नकली फरच्या पाठीला डिंकाचा जाड थर असेल तर तिथेही अडते, म्हणून एकट्या टाचणीवर विसंबू नका.

मग केस पारखा. खऱ्या फरमध्ये लांब राठ केसांखाली आखूड, दाट, लोकरीसारखा थर असतो आणि लांब केस टोकाला निमुळते होत जातात. कातरलेल्या फरची टोकं मात्र बोथट असतात.

शेवटी जाळून पाहायचं असेल तर जॅकेटवर नको. दोन-तीन केस उपटून चिमट्यात धरा आणि स्टीलच्या ताटलीवर जाळा. जळक्या केसांचा वास आला आणि बोटाने चुरडणारी राख राहिली तर केस प्राण्याचा. वितळून कडक मणी झाला तर तो अ‍ॅक्रिलिक किंवा पॉलिएस्टर. इथे एक गफलत होते : कापडात विणलेली मेंढीची लोकरही केसासारखीच जळते. म्हणून जाळून काहीही दिसलं तरी निकाल मुळाशी काय आहे त्यावरच द्यायचा.

खरी निघाली तर दुकानदाराला स्पष्ट सांगा आणि परत करा. गिऱ्हाईक विचारत नाही तोवर ठोक व्यापाऱ्यालाही कुणी विचारत नाही.

प्रश्न : लोकरीचा स्वेटर चालतो, चामड्याची चप्पल चालते. मग फरवरच एवढा राग का? (एक वाचक, महाल)

उत्तर : मेंढी कातरली तरी जगते आणि पुढच्या वर्षी पुन्हा लोकर देते. फरसाठी प्राण्याचं कातडंच काढावं लागतं. चामडं बहुतांशी मांसासाठी मारलेल्या जनावराचं असतं. मिंक हा मुंगसासारखा छोटा प्राणी मात्र मुख्यतः फरसाठीच जन्माला घालतात. मिंकची पिल्लं वसंतात जन्मतात आणि फर दाट होताच नोव्हेंबर-डिसेंबरात गॅसने मारली जातात. हा पाण्यात पोहणारा, एकटा हिंडणारा शिकारी प्राणी, आणि त्याचं सगळं आयुष्य सुमारे ३० सेंटीमीटर रुंद तारेच्या पिंजऱ्यात जातं. पिंजऱ्यात तेच ते गोल फिरत राहणं, स्वतःचं शेपूट चावणं, ही त्याची नेहमीची लक्षणं. एका लांब कोटाला अशी ५०-६० कातडी लागतात. डेन्मार्कमध्ये २०२० साली मिंकमधून कोरोनाचा बदललेला विषाणू माणसांत आला, तेव्हा देशातल्या सगळ्या मिंक मारायचा आदेश निघाला होता.

भारताने जानेवारी २०१७ मध्ये मिंक, फॉक्स (कोल्हा) आणि चिंचिला (खारीसारखा छोटा प्राणी) यांच्या कातड्यांची आयात बंद केली. ससा त्या यादीत नव्हता.

लोकर निर्दोष आहे असं आम्ही म्हणणार नाही. अंगोरा सशाचे केस काही ठिकाणी जिवंतपणीच उपटतात. नकली फरही प्लास्टिकच असते आणि धुताना तिचे तंतू पाण्यात जातात. पण नागपूरच्या थंडीला सुती अस्तराचं जॅकेट आणि एक लोकरी मफलर पुरे. इथे फर उबेसाठी कुणी घेत नाही, दिसण्यासाठी घेतात. आणि दिसण्यासाठी जीव घेणं आम्हाला मान्य नाही.

प्रश्न : वडील नुकतेच गेले. घरात आजोबांच्या वेळचं वाघाचं कातडं आहे. विकता येईल का? (एक वाचक, प्रतापनगर)

उत्तर : नाही. विकणं तर सोडाच, विकायची जाहिरात देणंही गुन्हा आहे. आधी कागदपत्रांत मालकीचा दाखला, म्हणजे असं कातडं बाळगण्यासाठी वनखात्याने दिलेला कागद, शोधा. वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार वारसाने आलेल्या अशा वस्तूची माहिती ९० दिवसांत मुख्य वन्यजीव रक्षकांना द्यावी लागते. त्यांचं कार्यालय नागपुरातच, सिव्हिल लाइन्सच्या वनभवनात आहे. दाखला असेल आणि कातडं ठेवायचं नसेल तर लेखी सूचना देऊन ते शासनाकडे जमा करता येतं. मोबदला मिळत नाही. दाखला नसेल तर आधी वकिलाला भेटा आणि त्यांच्यामार्फतच वनखात्याकडे जा. तोवर कातडं जाळू नका, कापू नका, नातेवाइकाकडे हलवू नका. त्याचा फोटोही कुठे टाकू नका.