वाचकांचे प्रश्न : घशात वस्तीला असणारा मेंदूज्वराचा जिवाणू

प्रश्न : माझे आई-वडील यंदा हजला जात आहेत. त्यांना मेंदूज्वराची लस सक्तीची आहे, असे सांगण्यात आले. आमच्या परिसरात हा आजार कुणाला झाल्याचे ऐकिवात नाही; मग ही सक्ती कशासाठी? ते परत आल्यावर घरातील लहान मुलांना काही धोका संभवतो का?
— एक वाचक, मिरज

उत्तर : मेंदूज्वर हा शब्द आपण बऱ्याच आजारांसाठी सरसकट वापरतो. डासांमुळे होणारा जपानी मेंदूज्वर वेगळा. आपल्या आई-वडिलांना द्यावयाची लस ‘नायसेरिया मेनिन्जायटिडिस’ म्हणजेच मेनिंगोकॉकस या जिवाणूविरुद्धची आहे. हा जिवाणू मेंदूच्या आवरणांना सूज आणतो आणि रक्तात शिरला तर काही तासांत माणसाच्या जिवावर बेततो. एरवी मात्र तो साधारण दहा टक्के निरोगी माणसांच्या नाकाघशात निमूटपणे राहत असतो. त्यांना त्याचा पत्ताही नसतो. पण खोकला, शिंका आणि दाटीवाटीचा मुक्काम यांतून तो एकाकडून दुसऱ्याकडे जातो. लाखो माणसे जिथे एका तंबूनगरीत राहतात, तिथे त्याला आणखी काय हवे?

या जिवाणूभोवती शर्करेचे एक कवच असते आणि त्या कवचावरून त्याचे गट पाडले जातात. गंभीर आजार घडवणारे गट मुख्यतः सहा : ए, बी, सी, डब्ल्यू, एक्स आणि वाय. १९८७ मध्ये हजच्या वेळी ‘ए’ गटाची साथ आली आणि त्यानंतर लसीची अट घालण्यात आली. पुढे २००० मध्ये ‘डब्ल्यू’ गटाने डोके वर काढले. तेव्हा बहुतेक यात्रेकरूंनी घेतलेल्या लसीत हा गट नव्हता, आणि परतलेल्या यात्रेकरूंबरोबर हा आजार अनेक देशांतील घरांपर्यंत पोहोचला. म्हणूनच आता ए, सी, डब्ल्यू आणि वाय अशा चारही गटांची लस मागितली जाते. ती सौदी अरेबियात पोहोचण्याच्या किमान दहा दिवस आधी घ्यावी लागते.

मुलांविषयीची आपली काळजी रास्त आहे. कवचातील नुसती शर्करा वापरून केलेली जुनी लस घेणाऱ्याला काही वर्षे वाचवते, पण घशातील वस्ती हटवत नाही. शर्करेला प्रथिनाची जोड दिलेली कॉन्जुगेट लस अधिक काळ टिकते, आणि ‘ए’ गटाच्या बाबतीत तर तिने घशातील वस्तीही जवळजवळ मोडून काढल्याचे आफ्रिकेत दिसून आले. निवड करता येत असेल तर माझ्या मते कॉन्जुगेट लसच घ्यावी. आफ्रिकेत हे काम करणारी ‘ए’ गटाची लस पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने बनवली होती. सेनेगलपासून इथिओपियापर्यंतच्या पट्ट्यात पिढ्यान्‌पिढ्या साथी येत असत. तिथे २०१० च्या डिसेंबरात बुर्किना फासोपासून ही लस देण्यास सुरुवात झाली आणि ‘ए’ गटाच्या साथी जवळपास थांबल्या. मला या गोष्टीचा मनापासून अभिमान वाटतो.

एक लक्षण मात्र घरातील प्रत्येकाला ठाऊक असावे. ताप, तीव्र डोकेदुखी, उलट्या किंवा मान ताठ होणे यांच्या जोडीला अंगावर लालसर-जांभळे ठिपके उठले, तर त्यांवर काचेचा पेला दाबून पाहावा. ठिपके पुसट झाले नाहीत, तर रात्र असो वा दिवस, तडक रुग्णालय गाठावे. सावळ्या त्वचेवर हे ठिपके चटकन दिसत नाहीत. तळहात, तळपाय आणि पापण्यांची आतली बाजू तपासावी. ठिपके नसले तरी बाकीची लक्षणे असताना वाट पाहू नये. योग्य उपचार मिळूनही दहातील एक रुग्ण दगावतो आणि वाचलेल्यांपैकी काहींना कायमचे बहिरेपण येते. रुग्णाच्या निकटच्या माणसांनाही डॉक्टर प्रतिजैविक देतात. ते त्यांनी न चुकता घ्यावे.

प्रश्न : मी प्रयोगशाळा तंत्रज्ञानाची विद्यार्थिनी आहे. पाठीच्या कण्यातून काढलेले पाणी फ्रिजमध्ये ठेवू नये, असे आम्हाला बजावले जाते. असे का? तसेच परम्याचा जिवाणू याच कुळातला असेल, तर दोघांना वेगळे कसे ओळखतात?
— एक वाचक, लातूर

उत्तर : मेनिंगोकॉकससारखे हे जिवाणू थंडीने मरतात, आणि त्यांचे स्वतःचेच विकर (एन्झाइम) त्यांना विरघळवून टाकतात. एका तरुणाचा नमुना रात्रभर फ्रिजमध्ये राहून सकाळी माझ्या हाती आला होता. स्लाइडवर पू-पेशींची गर्दी होती, पण कल्चरमध्ये, म्हणजे जिवाणू वाढवून पाहण्याच्या चाचणीत, काहीच वाढले नाही. त्यामुळे तो जिवाणू कोणत्या गटाचा होता आणि कोणत्या औषधाला दाद देणारा होता, हे कधीच कळले नाही. नमुना लगेच पोहोचवावा. उशीर अटळ असेल तर तो ३७ अंशांच्या इन्क्युबेटरमध्ये ठेवावा.

ग्रॅम स्टेनमध्ये, म्हणजे जिवाणू रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यावर, दोन्ही भावंडे सारखीच दिसतात : गुलाबी, जोडीजोडीने, चपट्या बाजू समोरासमोर असलेल्या कॉफीच्या बियांसारखी आणि बहुधा पू-पेशींच्या पोटात. रक्त तापवून तपकिरी केलेल्या चॉकलेट अगारवर, पेटती मेणबत्ती ठेवून झाकण लावलेल्या बरणीत दोन्ही वाढतात आणि ऑक्सिडेज चाचणीत दोन्ही जांभळी होतात. फरक कळतो तो शर्करांच्या चाचणीत : मेनिंगोकॉकस ग्लुकोज आणि माल्टोज या दोहोंपासून आम्ल तयार करतो, गोनोकॉकस म्हणजेच परम्याचा जिवाणू केवळ ग्लुकोजपासून.

१८७९ मध्ये आल्बर्ट नायसर यांना परम्याच्या पुवात जो जिवाणू दिसला, तो हाच गोनोकॉकस. त्याला शर्करेचे कवच नसते आणि तो आपल्या पृष्ठभागावरची प्रथिने सतत बदलत राहतो, त्यामुळे एकदा परमा होऊन गेला तरी शरीराला संरक्षण मिळत नाही. सल्फा, पेनिसिलिन, सिप्रोफ्लॉक्सासिन ही औषधे त्याने एकामागून एक निकामी केली. आता भिस्त सेफ्ट्रायॅक्सोनवर आहे, आणि त्यालाही न जुमानणारा प्रकार २००९ मध्ये जपानमधील क्योटो येथे सापडला. जनुकीय चाचणीने निदान झटपट होते हे खरे. पण कोणते औषध लागू पडेल हे पुरतेपणी कल्चरच सांगते. त्यामुळे आपल्या प्रयोगशाळेत परम्याचा स्वॅब आला तर तो सुकण्याआधी प्लेटवर लावावा आणि औषध-संवेदनशीलतेचा अहवाल डॉक्टरांनी मागितला नसला तरी द्यावा.