वाचक विचारतात : मातीवर आणि बर्फावर

प्रश्न : सोव्हिएत मोटारसायकलपटू गब्द्राखमान कादिरोव बर्फावरच्या शर्यतीत सहा वेळा जगज्जेता झाला. उन्हाळ्यात तोच मातीवर स्पीडवे, म्हणजे मातीच्या ट्रॅकवरची मोटारसायकल शर्यत, खेळायचा. मग तिथे एकदाही जगज्जेता का नाही?

उत्तर : खेळ एकच, फक्त जमीन वेगळी, असं मलाही बरीच वर्षं वाटायचं. जर्मनीत इन्झेलला कठड्याला टेकून बर्फावरची शर्यत पाहिली आणि तो समज तिथेच गळून पडला.

दोन्हीकडे गाडीला ब्रेक नाहीत, इंधन मिथेनॉल, चार स्वार, चार फेऱ्या आणि सगळी वळणं डावीकडे. पण मातीवर मागचं चाक मुद्दाम घसरवायचं असतं. डाव्या बुटाखालचा पोलादी तळवा जमिनीला लावून स्वार गाडी आडवी घेतो. बर्फावर चाक घसरलं की स्वार पडलाच. तिथे टायरमधून जवळपास तीन सेंटिमीटर लांब पोलादी खिळे बाहेर आलेले असतात आणि ते बर्फात रुततात. त्या पकडीच्या जोरावर गाडी इतकी कलते की डावं हँडल बर्फाला टेकायला येतं, गुडघा तर घासतच जातो. मी पाहिलं तेव्हा पुढच्या गाड्यांच्या चाकांनी उडवलेला बर्फाचा चुरा मागच्या स्वाराच्या छातीवर बसत होता. चौथ्या फेरीपर्यंत वळणावर चर पडले होते.

म्हणजे उन्हाळ्यात अंगात मुरवलेली सवय हिवाळ्यात मोडायची! रशियातल्या उफा शहराच्या कादिरोवने ते साधलं. १९६६ची पहिली अधिकृत जागतिक स्पर्धा त्याने जिंकली, पुढे १९६८ आणि १९६९. १९७०मध्ये चेकोस्लोव्हाकियाच्या अँटोनिन श्वाबने किताब नेला. तो परत मिळवून कादिरोवने १९७१ ते १९७३ सलग तीन वर्षं राखला. मला तर १९७१चं जेतेपद सगळ्यांत मोठं वाटतं.

मातीवर गाठ पडायची ती न्यूझीलंडचा बॅरी ब्रिग्ज, स्वीडनचा ओव्हे फुंडिन यांच्यासारख्या जगज्जेत्यांशी. ही मंडळी ब्रिटनमधल्या लीगमुळे हंगामभर सतत ट्रॅकवर असायची. सोव्हिएत स्वारांना तो सराव कुठून मिळणार? तरीही उफाचाच इगोर प्लेखानोव १९६४ आणि १९६५च्या जागतिक अंतिम स्पर्धेत दुसरा आला, याचं मला फार अप्रूप वाटतं.

दोन्ही शर्यतींचं चित्रण मिळालं तर वळणात पुढच्या चाकाकडे बघा. मातीवर ते उजवीकडे वळलेलं दिसेल, बर्फावर डावीकडे.