मराठी पाककृतींच्या संकेतस्थळाच्या एसईओसाठी गूगलचे शोध-ऑपरेटर कसे वापरावेत?

आपण विचारले आहे की, मराठी पाककृतींचे संकेतस्थळ चालवताना एसईओच्या (शोधयंत्रांच्या निकालांत संकेतस्थळ वर यावे यासाठी करायच्या सुधारणांच्या) अभ्यासासाठी गूगलच्या प्रगत शोध-ऑपरेटरांचा, म्हणजे शोधपेटीत टंकायच्या खास आज्ञांचा, नेमका काय उपयोग होतो आणि महागडी टूल न घेता त्यांच्यावर कितपत विसंबता येते. माझे मत असे आहे की ऑपरेटरकडून पुरावा मिळवावा, मोजणी करून घेऊ नये. एखादे पान निकालात आले तर ते गूगलच्या इंडेक्समध्ये, म्हणजे शोधासाठी साठवलेल्या पानांच्या सूचीत, आहे हे निश्चित कळते. परंतु एकूण निकालांचा जो आकडा गूगल दाखवतो तो अंदाजाचा असतो, आणि ‘साइट’ ऑपरेटर लावल्यावर त्या संकेतस्थळाची सर्वच पाने दिसतील असेही नाही. किती पाने इंडेक्समध्ये आहेत हे पाहायचे असेल तर सर्च कन्सोल या संकेतस्थळ-मालकांसाठीच्या गूगलच्या साधनातला पानांचा अहवालच प्रमाण मानावा.

सुरुवात स्वतःच्या संकेतस्थळापासून करावी. ‘साइट’ हा शब्द रोमन लिपीत, त्याला लागून अपूर्णविराम आणि मध्ये जागा न सोडता आपले डोमेन, असे टंकावे. अपूर्णविरामानंतर जागा सुटली तर ऑपरेटर लागू होत नाही. आलेल्या निकालांतून ओळखीचे विभाग उणे चिन्हाने वगळत जावे. उदाहरणार्थ, सर्व पाककृतींच्या पत्त्यात ‘रेसिपी’ हा शब्द असेल, तर पानाच्या पत्त्यातला शब्द शोधणाऱ्या ‘इनयूआरएल’ ऑपरेटरच्या आधी उणे चिन्ह लावून ती पाने बाजूला काढावीत आणि मग काय उरते ते पाहावे. टॅगची पाने, छपाईसाठीच्या प्रती, डेव्हलपरने चाचणीसाठी काढलेले आणि नंतर विसरलेले सबडोमेन, असा ऐवज बहुधा या उरलेल्या भागातच सापडतो, म्हणून मला या संशोधनातला हाच टप्पा सर्वात मोलाचा वाटतो. नको असलेले पान सापडल्यावर अनेक जण ते रोबोट्स डॉट टीएक्सटी या, शोधयंत्रांनी कोणती पाने वाचू नयेत हे सांगणाऱ्या, फाइलमध्ये अडवतात. त्याने काम होत नाही, कारण अडवलेले पान गूगल वाचू शकत नाही आणि त्यामुळे त्यावरचा ‘नोइंडेक्स’ हा, पान इंडेक्समध्ये घेऊ नये असे सांगणारा, निर्देशही त्याला दिसत नाही; आधी नोइंडेक्स लावून पान वाचण्यास मोकळे ठेवावे लागते.

त्यानंतर एकाच विषयावरची पाने शोधावीत. ‘साइट’ला जोडून दुहेरी अवतरणचिन्हांत ‘पुरणपोळी’ लिहिले की तो शब्द असलेली आपली पाने समोर येतात. त्यांतली दोन-तीन पाने एकाच शोधासाठी एकमेकांशी स्पर्धा करीत असतील तर ती एकत्र करण्याचा विचार करावा; ज्या पानांत हा पदार्थ केवळ ओझरता आला आहे, तेथून मुख्य पाककृतीला दुवा द्यावा. मराठीत येथे विशेष काळजी घ्यावी लागते. अवतरणचिन्हे शब्दाचे रूप पक्के करतात, त्यामुळे ‘पुरणपोळी’ शोधताना ‘पुरणपोळीची’ किंवा ‘पुरण पोळी’ असे लिहिलेली पाने निसटू शकतात. म्हणून विभक्तीची रूपे, जोडून व तोडून लिहिलेली रूपे आणि रोमन लिपीतले लेखन यांच्यामध्ये रोमन मोठ्या (कॅपिटल) अक्षरांतला ‘ऑर’ टाकून एकत्र शोध घ्यावा. इंग्रजीतले मार्गदर्शक लेख याविषयी सहसा काही सांगत नाहीत, आणि आपल्या वाचकांपैकी अनेक जण मराठी पदार्थ रोमन अक्षरांतच शोधतात.

इतरांची पाने पाहताना ‘इनटायटल’ वापरावे. ते फक्त त्याला लागून आलेला शब्द शीर्षकात शोधते. पूर्ण शब्दसमूह हवा असेल तर तो अवतरणचिन्हांत द्यावा. ज्यांनी शीर्षकातच तो शब्दसमूह ठेवला आहे त्यांनी त्या विषयावर जाणीवपूर्वक लिहिले आहे असे धरून चालता येते, आणि त्यांनी कोणते प्रश्न हाताळले, कोणते सोडले, हे वाचून ठरवता येते. ‘आफ्टर’ला वर्ष-महिना-दिवस अशी तारीख जोडली की अलीकडची पाने दिसतात, मात्र ती तारीख गूगलने लावलेला अंदाज असते. आपला मजकूर कोणी उचलला आहे का, हे पाहण्यासाठी लेखाच्या मधले एखादे वेगळ्या धाटणीचे वाक्य अवतरणचिन्हांत द्यावे आणि आपले डोमेन उणे करावे. पहिले वाक्य निवडू नये, कारण लेखाचा सारांश देणाऱ्या प्रामाणिक दुव्यांतही तेच आढळते.

जुन्या लेखांत सुचवलेले काही ऑपरेटर आता निरुपयोगी आहेत. बॅकलिंक, म्हणजे इतर संकेतस्थळांवरून आपल्याकडे येणारे दुवे, पाहण्यासाठीचे ‘लिंक’ 2017 मध्येच बाद झाले आणि गूगलने साठवलेली पानाची प्रत दाखवणारे ‘कॅश’ 2024 मध्ये बंद झाले. बॅकलिंकसाठी सर्च कन्सोलचा दुव्यांचा अहवाल आणि पानाचे जुने रूप पाहण्यासाठी इंटरनेट आर्काइव्हचे वेबॅक मशीन वापरावे. असे शोध लागोपाठ वेगाने केले की गूगल कॅप्चा दाखवते. तरीही ते स्क्रिप्ट लावून चालवू नयेत, कारण स्वयंचलित शोध गूगलच्या नियमांविरुद्ध आहेत. हाताने टंकून, प्रत्येक निकाल उघडून वाचत गेल्यास पन्नास-शंभर पानांच्या संकेतस्थळाची पाहणी एका बैठकीत सहज होऊ शकते.