सरांचा दोर उशाशी राहू द्या

सोलापूरहून एका आईंचं पत्र आलं आहे. थोडक्यात असं:

‘मॅडम, मुलगी बारावी सायन्सला आहे. नीटचा क्लास दोन वर्षं चालू आहे. नववीपासून ती एका सरांबरोबर रविवारी हिप्परग्याच्या तळ्यावर, नान्नजच्या माळावर जायची. सर लांडग्यांचा अभ्यास करायचे, कडे चढायचे, मुलांना दोराचं शिकवायचे. डिसेंबरच्या शेवटी ते रात्री झोपले ते उठलेच नाहीत. डॉक्टर हार्ट अ‍ॅटॅक म्हणाले. वय बेचाळीस. तेव्हापासून ही धड जेवत नाही, क्लासला जात नाही. म्हणते, सरांचं काम मीच पुढं नेणार, देहरादूनला वन्यजीवांचं शिकायला जाणार, डोंगर चढणार. त्यांच्या बायकोकडून त्यांचा चढायचा दोर मागून आणलाय, उशाशी घेऊन झोपते. रविवारी मात्र पहाटे पाचला उठून तळ्यावर जाते, परवा तर दिवसभर तिथंच होती. ह्यांचे अक्कलकोट रोडला चार यंत्रमाग आहेत, धंद्याची गत तुम्ही जाणताच. हे म्हणतात, डोंगराच्या नादानं तो माणूस गेला आणि हिला तेच करायचंय. परीक्षा तोंडावर आलीय. घरातलं कोणी गेलं असतं तर समजलं असतं, परक्या माणसासाठी एवढं काय? तिला कसं थांबवू?’

ताई, तुमच्या पत्रातलं ‘परक्या माणसासाठी एवढं काय’ हे वाक्य मी चारदा वाचलं. करिअरचं नंतर बोलू, आधी हे.

घरात कोणी गेलं की आपल्याकडे सगळं ठरलेलं असतं. दहा दिवस कोणाच्या घरून जेवण येणार, कोण कुठं बसणार, कधी रडायचं, कधी उठून कामाला लागायचं. आपल्याला त्या रीतींचा कंटाळा येतो, पण त्या माणसाला धरून ठेवतात. शिक्षक गेले तर विद्यार्थ्याला सुतक नाही. दहाव्याला तिला कोणी बोलावलं होतं का? गेलीच असेल तर फाटकापाशी उभी राहून परत आली असेल. ज्या माणसानं तिला चार वर्षं दर रविवारी पहाटे नवीन काहीतरी दाखवलं, त्याच्या जाण्यात तिला बसायला एक सतरंजीसुद्धा मिळाली नाही. म्हणून तिनं दोर मागून आणला. मला त्यात वेड दिसत नाही. रीत नव्हती, तिनं एक केली.

अरण्यलेखक मारुती चितमपल्ली आठवा. १९३२ साली सोलापुरात जन्मले, उभी हयात वनखात्यात आणि रानात काढली, शेवटी परत सोलापुरात आले आणि १८ जून २०२५ रोजी तिथंच गेले. त्या दिवशी त्यांना एकदाही न भेटलेली माणसं हळहळली. ज्यानं आपल्याला बघायला शिकवलं तो परका राहत नाही. आणि चितमपल्ली नव्वदी ओलांडून गेले होते, तुमच्या मुलीचे सर बेचाळीसचे होते. मनाची तयारी करायला तिला एक दिवससुद्धा मिळालेला नाही.

आता माझी गोष्ट सांगते, कारण तुमच्या प्रश्नाचं उत्तर मला तिथंच सापडलं होतं. मी अकरावीत असताना आमचे भूगोलाचे सर अचानक वारले. मी त्यांच्या फोटोसमोर ठरवलं की भूगोलच करायचा. घरच्यांचा विरोध होता, तो मी मोडून काढला. पदवीच्या तिसऱ्या वर्षी एका दुपारी नकाशावर समोच्च रेषा काढताना लक्षात आलं की मला भूगोल नको होता, मला सर हवे होते. ते वर्गात आले की आपण हुशार आहोत असं वाटायचं, ते मला परत हवं होतं. तीन वर्षं मी त्यांना पुस्तकात शोधत होते. कोणी मला अडवलं नव्हतं असं नाही, सगळ्यांनी अडवलं होतं. पण ‘तुला यातलं नेमकं काय हवंय’ असं कोणी विचारलं नाही. सगळे फक्त ‘करू नको’ म्हणत होते, आणि त्यांच्याशी भांडण्यात माझं विचार करणंच राहून गेलं.

म्हणून तुम्हाला माझं सांगणं एवढंच आहे, की दुःख आणि निवड या दोन गोष्टी सध्या तिच्या मनात एकमेकींत गुंतल्यात. जबरदस्तीनं ओढलंत तर गाठ बसेल. दुःखाला आत्ता जागा द्या. निवडीला वेळ द्या, निदान वर्षभर. ‘हो’ म्हणू नका, ‘नाही’ही म्हणू नका.

पण ताई, तुम्ही तक्रार म्हणून लिहिलेली एक ओळ मला फार मोलाची वाटली. रविवारी पाचला उठून ती तळ्यावर जाते. सर नाहीत, गाडी नाही, गट कदाचित फुटला असेल, तरी जाते. ती ‘परवा’ दिवसभर होती म्हणता, तो जानेवारीचा रविवार. आशियात १९८७ पासून दर जानेवारीत पाणपक्ष्यांची गणना होते, तलावातलाव धरून. सरांच्या मुलांनी यंदा ती सरांशिवाय केली असावी असा माझा अंदाज आहे. तिला विचारा. आणि वही बघायला मागा. वहीत फक्त सरांच्या आठवणी असतील तर ती माझ्यासारखी आहे. वहीत वेळ, वारा, पाण्याची पातळी, चक्रवाक किती, शेकाट्या किती, कुठल्या पक्ष्याबद्दल खात्री नाही म्हणून पुढं प्रश्नचिन्ह असं सगळं असेल, तर तिला सरांबरोबर त्यांचं कामही आवडतं. प्रश्नचिन्हं जरूर बघा. खात्री नसताना आकडा न लिहिणं हे या पेशातलं पहिलं शिक्षण, आणि ते कुठल्याही क्लासमध्ये मिळत नाही.

‘सरांचं काम मीच पुढं नेणार’ असं ती म्हणते. त्याबद्दल तिला एका माणसाची गोष्ट सांगा. रवी शंकरन नावाचे पक्षिशास्त्रज्ञ होते. तणमोर, म्हणजे आपल्या माळढोकाचा धाकटा भाऊबंद, हा त्यांच्या संशोधनाचा विषय. पुढं अंदमानात गुहेत घरटी करणाऱ्या पाकोळ्यांवर त्यांनी काम केलं. या पाकोळ्यांची लाळेची घरटी खाण्यासाठी चोरली जायची. जे लोक घरटी काढत त्यांनाच शंकरन यांनी राखणदार केलं. कोईम्बतूरच्या सालिम अली पक्षिशास्त्र केंद्राचे ते संचालक झाले आणि १७ जानेवारी २००९ ला हृदयविकारानं अचानक गेले. पंचेचाळीस वर्षांचे होते. त्यांचं काम एका कोणा शिष्यानं एकट्यानं उचललं नाही. अनेकांनी थोडं थोडं उचललं. त्यांच्या नावानं इनलॅक्स प्रतिष्ठानची फेलोशिप सुरू झाली, तिच्यावर नवी नवी मुलं वन्यजीव संवर्धन शिकली. त्यातल्या बहुतेकांनी शंकरन यांना पाहिलेलंसुद्धा नसेल. सतरा-अठरा वर्षांच्या मुलीनं एका अख्ख्या माणसाचं आयुष्य डोक्यावर घ्यायचं नसतं, तशी गरजही नसते. सरांच्या नोंदी मात्र वाऱ्यावर जाऊ देऊ नका. त्यांच्या पत्नीची हरकत नसेल तर दोन-तीन मुलांनी बसून वह्यांच्या पानांचे फोटो काढून ठेवावेत, आणि ते त्यांच्याबरोबर काम करणाऱ्या अभ्यासकांकडे पोचवावेत. लांडग्याच्या बिळांची ठिकाणं त्यात असतील तर ती कुठंही जाहीर करू नयेत. हे काम परीक्षेनंतर, मे महिन्यात.

आता वाटेचं बोलू. यजमानांनाही वाचून दाखवा.

नीटचा अभ्यास वाया जाणार नाही, हे तिला आधी सांगा. महाराष्ट्रात पशुवैद्यकीय पदवीचा प्रवेश नीटच्याच गुणांवर होतो. तिनं ही वाट कदाचित मनातच आणलेली नसेल, कारण तिच्या डोळ्यांसमोर सर आहेत आणि सर पशुवैद्य नव्हते. पण गिधाडांचं उदाहरण घ्या. नव्वदच्या दशकात देशभर गिधाडं मरू लागली तेव्हा कारण कोणालाच कळत नव्हतं. मेलेल्या पक्ष्यांची शवविच्छेदनं झाली, मूत्रपिंडं निकामी झालेली दिसली, आणि २००४ मध्ये सिद्ध झालं की गुरांना दिलं जाणारं डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक मेलेल्या जनावरांच्या मांसातून गिधाडांच्या पोटात जात होतं. २००६ मध्ये भारतानं जनावरांसाठी त्यावर बंदी घातली. काही गिधाडांची घरटी सह्याद्रीच्या कड्यांवर असतात, तिथं पोचायला दोर लागतो. पण ती का मरत होती ते शोधायला सुरी, सूक्ष्मदर्शक आणि औषधशास्त्र लागलं. तिला दोन्हीकडची माणसं दाखवा.

दुसरी वाट सरळ बीएस्सीची. प्राणिशास्त्र, वनस्पतिशास्त्र, काहीही. सोलापुरातल्या कॉलेजात होतं, घर सोडायची गरज नाही. दापोलीला वनशास्त्राची पदवी आहे, तिला सीईटी लागते. पदवीनंतर देहरादूनची भारतीय वन्यजीव संस्था किंवा बंगळूरच्या एनसीबीएस या जीवविज्ञानाच्या राष्ट्रीय केंद्रातला वन्यजीवशास्त्राचा एमएस्सी. जागा अगदी मोजक्या, प्रवेश परीक्षा आणि मुलाखत कसून होते, आणि दरवर्षी प्रवेश निघेलच असं धरून चालू नका, त्या त्या वर्षीची जाहिरात बघायची. तिसरी वाट स्पर्धा परीक्षांची. एमपीएससीतून वनक्षेत्रपाल, यूपीएससीतून भारतीय वनसेवा. चितमपल्लींनी जे काही पाहिलं ते वनखात्याच्या नोकरीत राहूनच पाहिलं.

यातल्या कुठल्याही वाटेला संख्याशास्त्र टळत नाही. लांडगे किती हे डोळ्यांनी मोजून कळत नसतं, ते गणितानं काढावं लागतं. बायोलॉजी घेतली म्हणून गणित सोडलेल्या मुली इथं फार अडखळतात.

पैशाचं लपवत नाही. नेट ही पात्रता परीक्षा पास होऊन पीएच.डी.ला लागली तर ज्युनियर रिसर्च फेलोला सध्या महिना ३७ हजार मिळतात. त्याआधीची प्रकल्प सहायकाची वर्षं त्याहून कमी पैशांत आणि कंत्राटावर जातात. कायमची नोकरी तिशीनंतरच धरा. चार यंत्रमागांवर घर चालत असेल तर हे गणित वडिलांनी मांडणं अगदी रास्त आहे, त्यांच्यावर मुलीनं रागावू नये. पण ‘डोंगराच्या नादानं गेला’ हे मात्र त्यांना बोलू देऊ नका. तुम्हीच लिहिलंय की सर अंथरुणात गेले. हे वाक्य घरात रोज ऐकून ती मुलगी सरांची वकील होऊन बसेल, आणि मग तिला स्वतःची शंका बोलायलाही तोंड उरणार नाही.

डोंगर धोक्याचा नाही असं मी म्हणत नाही. कड्यावरून दगड येतात, उतरताना दोराच्या टोकाला गाठ मारायची राहिली तर तयारीचा माणूससुद्धा दोरातून निसटतो. वन्यजीव अभ्यासकाला रात्रीच्या जीपचा, मे महिन्यातल्या सोलापूरच्या उन्हाचा आणि सापाचा धोका लांडग्यापेक्षा कितीतरी जास्त. म्हणून शिकायचं ते रीतसर. उत्तरकाशीच्या नेहरू पर्वतारोहण संस्थेत साधारण महिनाभराचा बेसिक कोर्स असतो, तिथं आधी वैद्यकीय तपासणी मागतात. हे पदवीच्या सुट्टीत, तिची इच्छा तेव्हाही टिकली तर.

आणि तो दोर. तिच्याकडून काढून घेऊ नका, हात जोडून सांगते. पण त्यावर तिनं एकदाही लटकायचं नाही, हे तिच्याशी शांतपणे बोलून ठेवा. नायलॉन उन्हानं, मातीच्या कणांनी, पडलेल्या झटक्यांनी आतून झिजतो, वरून चांगला दिसतो. किती वर्षांचा आहे, त्यानं किती झटके सोसलेत हे फक्त सरांना माहीत होतं. दोर बनवणारेच सांगतात की न वापरलेला दोरसुद्धा दहा वर्षांनी बाद करायचा. इतिहास माहीत नसलेल्या दोरावर चढू नये हे सरांनी तिला पहिल्याच दिवशी शिकवलं असणार. तुम्ही तिला ‘सर काय म्हणाले असते?’ एवढंच विचारा. ती स्वतःच सांगेल.

आता हे पुढचे काही आठवडे. बोर्डाची परीक्षा तिनं द्यावी. क्लास पूर्ण भरला नाही तरी चालेल, रोज तीन तास बसली तरी पुरे. रविवार अजिबात बंद करू नका, उलट तळ्यावरून आल्यावर गरम भाकरी समोर ठेवा आणि काय दिसलं ते विचारा. सरांच्या घरी एकदा तुम्ही दोघी जाऊन या. त्यांच्या पत्नीला मुलीनं एखादी आठवण सांगू दे, त्या बाईंनाही ती हवी असेल. तिला सतरंजीवर बसायला मिळू दे. झोप अजिबात येत नसेल, किंवा ‘मला जगायचं नाही’ असं ती एकदा जरी बोलली, तर वाट बघू नका. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर चोवीस तास चालू असतो, फुकट आहे, मराठीत बोलतात. आणि डॉक्टरांकडे न्या.

नान्नजचं अभयारण्य १९७९ साली माळढोकासाठी झालं. आज तिथं माळढोक दिसला तर पेपरात बातमी येते. आपल्याकडे माळाला पडीक जमीन म्हणायची सवय आहे, आणि त्या पडीक जमिनीवर पहाटे उभं राहायला सोलापुरात फार थोडी माणसं तयार असतात. त्यांतलं एक डिसेंबरात कमी झालं. तुमची मुलगी त्यांची जागा घेईल की नाही मला माहीत नाही, आणि तिलाही आत्ता माहीत नसू दे.

येत्या रविवारी तुम्हीच तिच्याबरोबर हिप्परग्याला जा. फार बोलू नका. उजनीवर हिवाळ्यात येणारे पट्टकदंब हंस हिमालयावरून उडत येतात, सात हजार मीटरच्या वरसुद्धा त्यांची नोंद झाली आहे. ते कधी तुमच्या तळ्यावर उतरतात का, हे तिला विचारा. आणि परीक्षा संपली की वहीतलं एक पान मला पाठवा, तिची परवानगी घेऊन.